नवा पाच, जुना तीन

पडलेल्या माणसाला हात लावण्याआधी मामा त्याच्या तोंडाशी कान न्यायचे. "नाव बोल गड्या. नाव आन् गाव. बाकी मी बगतो."

आमच्या स्टेशनात कधी उतरला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. लाल सदरा, दंडावर पितळी बिल्ला आणि जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेलं स्ट्रेचर. रुळांवर कुणाला लागलं की हमालांनी उचलून न्यायचं, ही इथली जुनी रीत. स्टेशनाचं नाव मी लिहीत नाही, कारण अजून तिथंच नोकरी करते. माईकवर घोषणा करायच्या हे माझं काम. त्यांनी साठी ओलांडलेली, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणत. मी त्यांची ताई.

नावासाठी एवढा हट्ट कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "नाव कळलं तर घरचं कुनीतरी येतंय. न्हाईतर मानूस बेवारस जातो, ताई. नंबर लावत्यात आन् मोकळं होत्यात."

स्टेशनाची जुनी हकिकत ऐकावी तर त्यांच्याकडूनच. गिरण्या चालू होत्या तेव्हा एका फलाटावरून कापडाच्या गाठी चढायच्या. त्याला ते अजूनही 'गाठीचा' म्हणत. पलीकडचा 'आंब्याचा', तिथं उन्हाळ्यात पेट्या उतरायच्या. आता सरकते जिने आले, लिफ्ट आली, पाट्यांवर अक्षरं पळायला लागली. "बॅगांना चाकं फुटली ताई, आमचं डोस्कं रिकामं झालं," म्हणून स्वतःच हसायचे. ओझी गेली होती. राहिलं होतं ते स्ट्रेचर.

मग दोन नवे फलाट बांधले आणि सगळ्यांचे नंबर पुढं सरकले. तिसरा पाचवा झाला, पाचवा सातवा. पहिल्याच आठवड्यात मामा माझ्या खोलीच्या दारात उभे. "नवा नंबर डोस्क्यात शिरतोय, पायात न्हाई शिरत. स्ट्रेचरला बोलवताना जुना बी बोलत जावा." तेव्हापासून मी म्हणायचे, "नवा पाच, जुना तीन." शेवटचा आकडा कानावर पडला की मामा निघालेच. महिनोनमहिने असं चाललं.

एका सकाळी स्टेशनमास्तर साहेब चिडले. "जुनं-नवं काय लावलंय? पब्लिक गोंधळतं. आजपासून बंद." मी बंद केलं. दुपारी चहाला मामा आले की सांगू, असा विचार केला होता. अकराच्या सुमारास फोन आला, पाचवर एकाला गाडीची धडक बसली. मी माईकवर म्हटलं, "हमालांनी स्ट्रेचर घेऊन फलाट नंबर पाचवर यावं." नुसतं पाच.

मामा जुन्या पाचावर धावले. तिथं कुणीच नाही म्हणून पुलावरून परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. चाळिशीचा माणूस, निळा चौकड्यांचा शर्ट, खिशात काहीच नाही. फलाटावरचा चहावाला म्हणाला, "काहीतरी बोलत होता यार. पण वाकून कोण ऐकणार?"

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. "पाय चुकलं माजं," एवढंच म्हणत राहिले. मी शेजारी उभी होते आणि गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

मग रोज सकाळी ते पोलीस चौकीत जायला लागले. "नाव लागलं का?" सुट्टीच्या दिवशी मोबाइलवरचा त्या माणसाचा फोटो दाखवत लालबाग पालथं घातलं, शीव कोळीवाड्यात फिरले, वरळीला बीडीडी चाळीत गेले. तिथल्या एका बाईचा नवरा तीन वर्षांपासून बेपत्ता होता. तिनं फोटो बराच वेळ पाहिला, म्हणाली, "हे नाहीत," आणि मामांना चहा दिला. "तिला बरं वाटलं का वाईट, मला काय कळलं न्हाई, ताई."

शेवटी पोलिसांनी अंत्यसंस्कार करून टाकायचं ठरवलं. मडकं मामांनी धरलं. मयताशी नातं काय, असं कारकुनानं विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "हमाल. तसंच लिवा."

महिन्याभरात त्यांनी बिल्ला जमा केला आणि गावी निघाले. निरोप घ्यायला आले तेव्हा मी एकदाची बोलले. "मामा, पाय नव्हते चुकले. मीच जुना नंबर बोलले नाही. साहेबांनी बंद करायला लावलं होतं, तुम्हाला सांगायचं राहिलं."

"ते मला तवाच कळलं, ताई," मामा म्हणाले. "तुमची नोकरी हाय, पोरं शिकत्यात, म्हनून माज्यावर घेतलं. मी काय, चाललोच हुतो." पिशवी खांद्याला लावून म्हणाले, "पन कुनी पडलं तर वाकायला सांगत जावा."

आता मी स्ट्रेचरच्या प्रत्येक घोषणेच्या शेवटी म्हणते, "त्यांचं नाव विचारावं." साहेबांनी त्यावरून एकदा लेखी समज दिली. मी थांबले नाही.

मागच्या महिन्यात मामांच्याच गावचा एक हमाल दारात आला. म्हणाला, अमुक अमुक गेले. मी म्हटलं, "कोण रे? मी नाही ओळखत." तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "ताई, आपले मामा."

मी त्याला ते नाव पुन्हा सांगायला लावलं आणि समोरच्या कागदावर लिहून घेतलं. इतक्या वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं.