घूं न करणारी वायर

चुलता मेला तेव्हा मी रडलो नाही. आजही त्याचा विषय निघाला की माझं तोंड कडू होतं.

लढाई संपल्यावर मी पलटणीच्या सिग्नल खात्यातून सुटून उंब्रजजवळच्या आमच्या गावी आलो. लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा काढायचं डोक्यात होतं. वडिलांनी खोंडं विकून भांडवल दिलं आणि मी लष्करी लिलावातून वायरीची दोन वेटोळी आणली. दोन्हींची जात एकच: मधे तांब्याची तार, तिच्यावर आवरण, त्यावर तांब्याचीच विणलेली जाळी आणि वरून काळं रबर. जाडी वायर एरियलची, बारीक मायक्रोफोनची. साध्या वायरीत विजेची घूंऽऽ शिरते आणि कर्ण्यातून बाहेर पडते. ही जाळी तिला आत येऊच देत नाही.

जाडं वेटोळं गोठ्यातून नाहीसं झालं. चुलत्याच्या गुऱ्हाळाच्या चुलवाणात जळक्या रबराचा वास आला तेव्हाच मी ओळखलं, पण चुलता माझ्याआधी वडिलांकडे पोचला होता. "दादा, पोरानं वायर इकून दारू ढोसली." मी थेंबाला शिवलो नव्हतो; पण पलटणीतून आलेला पितोच, ही गावाची खात्री. वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. चोराच्या उलट्या बोंबा, आणि शिक्षा मला.

पुढच्या वर्षी चुलत भावाचं लग्न सांगलीत ठरलं. चुलत्याला स्वतः रचलेली मंगलाष्टकं कर्ण्यावरून म्हणायची हौस, आणि घरचा पुतण्या फुकटात. लग्न नवरीकडच्या वाड्यात, जाड भिंतींआडच्या आतल्या चौकात, उरलेलं वऱ्हाड रस्त्यापलीकडच्या मांडवात. मायक्रोफोन चौकात ठेवून मी बारीक वायर मांडवापर्यंत ओढली आणि कर्ण्याखाली आवाज वाढवायचं मशीन घेऊन बसलो. वडील तिथेच होते, माझ्याकडे पाठ करून.

चुलता येऊन कर्ण्याखाली कान देऊन उभा राहिला. कोरेगावच्या बाजारात त्याने ऐकलेले कर्णे चालू झाले की घूं करायचे. हा गप्प होता.

"बंदच हाय व्हय रं? सुरू करशील तवा सांगावा धाड."

"बरं, तात्या," मी म्हणालो. मशीन केव्हाचं तापून चालू होतं. मी बटणाला हात लावला नाही.

तो चौकात मायक्रोफोनपाशी परत गेला. थोड्या वेळाने कर्ण्यातून त्याच्या मेव्हण्याचा आवाज आला. "दाजी, ही वायर पुतण्याची न्हवं? त्यानं तर इकली म्हणून तुमीच म्हणला व्हता."

चुलता हसला. "इकली ती जाडी. म्याच चुलवाणात जाळली आन् तांबं तांबटाला घातलं. थोरल्याला म्हणलं पोरानं पिऊन उडवली, लगीच पटलं बघ."

सगळा मांडव कर्ण्याकडे बघत राहिला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात वडील उठले. व्याह्यांसमोर भावाची अब्रू झाकायला ते मशीन बंद करायला लावणार, असंच मला वाटलं.

ते माझ्याशेजारी येऊन बसले. चुलता अजून बोलतच होता.

"आवाज वाढीव रं," वडील म्हणाले.