रविवारचं मौन

साखरबाईचा राग दोन वर्षं जुना होता, तरी आत्ताच चुलीवरून उतरवल्यासारखा गरम.

केडगावजवळच्या धनगरवस्तीवर ती अंगणवाडी चालवायची. पोरांना वजनकाट्याला टांगायचं, गरोदर बायांच्या मागं लागून गोळ्या खायला लावायच्या, आणि मीटिंगमध्ये आपल्या लेकीच्या वयाची सुपरवायझर 'तुम्हाला कळतं का काही' म्हणाली की खाली बघायचं. यात वीस वर्षं गेली. मग सेविकांमधूनच सुपरवायझर घ्यायची परीक्षा निघाली आणि साखरबाईनं फॉर्म भरला. दोन पेपर, मधे जेवणाची सुट्टी. पेपरांचं तिला भ्या नव्हतं. घात केला तो सुट्टीनं.

त्या वेळी शिरूरच्या केंद्रावर पहिला पेपर सुटला. ती झाडाखाली भाकरी सोडून बसते न बसते तोच मोनाली नावाची शिरूरकडची एक सेविका शेजारी टेकली. 'कसा गेला' नाही, 'पाणी पिलात का' नाही. थेट म्हणाली, "पोराचं वजन घसरलं तर पहिलं काय करायचं, त्याला काय टाकलं मावशी?"

"घरी जाऊन बघायचं. आयशी बोलायचं."

"चुकलं की वो. आधी वर कळवायचं. आमच्या ह्यांनी तसंच शिकवलंय."

ह्यांनी म्हणजे विक्रमनं. मोनालीचा नवरा; परीक्षांचा क्लास चालवायचा. साखरबाईनं भाकरी परत गुंडाळली. वीस वर्षं जे करत आलो तेच चुकलं म्हटल्यावर बाकीचं काय बरोबर असणार? दुसऱ्या पेपरात तेच डोक्यात. एक प्रश्न सोडला आणि उत्तरपत्रिकेतले पुढचे सगळे गोळे एक घर वर रंगवत गेली. नापास. पुढं खरी उत्तरं जाहीर झाली, तर घरी जाऊन बघायचं हेच बरोबर. मोनालीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ट्रेनिंगला भेटली तेव्हा हसून म्हणाली, "असं असतंय मावशी परीक्षेचं."

आता ही शेवटची खेप. यापुढं वय बसत नव्हतं. केंद्र तेच, आणि तेव्हा राहिलेली मोनालीही तीच.

"या टायमाला मी तोंडच उघडणार न्हाई," साखरबाईनं नवऱ्याला सांगितलं. "दुसरा पेपर सुटंस्तवर मौन."

नवनाथ धार काढत होता. "तू गप बसणार? ही म्हस बी वळून बघंल, बाई आजारी हाय का म्हणून."

तरी त्यानंच तिला चौफुला, न्हावरा करत मोटरसायकलीवर शिरूरला नेऊन सोडलं.

पहिला पेपर बरा गेला. बाहेर आली तर व्हरांड्यात कालवा. बत्तीसला काय, ड का, अगं ब होतं. साखरबाईच्या कपाळाची शीर उडायला लागली. कागद आत दिलेला, गठ्ठा बांधून झालेला. आता देव आला तरी त्यात फरक होणार नाही. तरी मढं उकरावं तसा एकेक प्रश्न उकरायचा. आपल्या पोटातलं भ्या दुसरीच्या पोटात घातल्याशिवाय यांच्या घशाखाली भाकरी उतरत नाही.

ती पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसली. मोनालीनं तिथंही गाठलं. साखरबाईनं ओठांवर बोट ठेवून हात जोडले.

"मौन हाय व्हय?" मोनाली बावरली. "रविवारचं कसलं मौन?"

"खंडोबाचा वार न्हाई का, त्याचंच असंल," मागची एक बाई म्हणाली आणि तिनं पायातली चप्पल काढली. दुसरीनं भंडारा आहे का म्हणून खुणेनं विचारलं. साखरबाई ना हो म्हणाली ना नाही; म्हणता येतच नव्हतं. अर्धी भाकरी तेवढी सुखात झाली.

पण न बोलणारं माणूस म्हणजे उघडी विहीर. जो तो येऊन डोकावतो. एकीनं सासूचं गाऱ्हाणं सांगितलं. दुसरी म्हणाली, "तुम्हाला सांगायला बरं, तुम्ही कुणाला बोलणार न्हाई," आणि आपण कुठले प्रश्न अंदाजानं ठोकले ते घडाघडा म्हणून दाखवलं. मोनाली तर मांडी घालूनच बसली. "तोंडानं नका बोलू मावशी, नुसती मान हलवा. सत्तावीसला क का ड?"

साखरबाईनं मान खुंटासारखी ताठ धरली. मनात मोनालीच्या सात पिढ्या मोजून झाल्या.

तेवढ्यात गेटापाशी गलका झाला. विक्रम बाहेर उभा होता, हातात मोबाईल. नुकताच झालेला पेपर आतल्या पोरींनी तोंडी सांगितलेला, उत्तरं यानं क्लासात बसून पाडलेली, आणि आता गजांतून मोठ्यानं वाचत होता. बाया ताडून बघायला हातावर पेनानं उतरवून घेत होत्या. त्यांत यवतकडची हर्षदाही होती. पहिलीच परीक्षा, तान्हं पोर सासूपाशी ठेवून आलेली. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. तिनं पिशवी उचलली.

"मी जाते घरी. निम्मी चुकलीत माझी."

"वाईट नका वाटून घेऊ ताई," विक्रम गजाआडून गोड म्हणाला. "पुढच्या बॅचला या. फीचं बघू आपण काहीतरी."

साखरबाई उठली ती तडक गेटाशी.

"ए मास्तर. आत अजून पेपर व्हायचाय आन् तू बाहेर दुकान मांडलंस व्हय?"

बायांची पेनं थांबली. "मावशी, तुमचं मौन..." मोनाली पुटपुटली.

"खंडोबा बघंल माझं. तुमच्या दोघांचं मी बघते. मागच्या खेपेला तुझ्या नवऱ्याच्या उत्तरापायी मी बुडाले. उत्तर त्याचं चुकलं, नापास मी झाले. कवा आलास का रं मास्तर दारात, चुकलं म्हणाया?"

"मावशी, मी मदत करतोय."

"मदत? रडती बाई बघून गिऱ्हाईक म्हणतोस, ही मदत? बापू, तू स्वतः कंच्या परीक्षेत पास झालास ते सांग आधी."

कुणीतरी फिसकन हसलं. विक्रमनं मोबाईल खिशात घातला. साखरबाईनं हर्षदाचं मनगट धरून तिला टाकीपाशी आणलं, उरलेली भाकरी हातात कोंबली.

"खा. पहिली भाकरी करपली म्हणून कुणी काटवटीतलं पीठ फेकून देत न्हाई. आन् करपली का न्हाई ते त्याला काय म्हाईत? लेकराला सोडून आलीस ती निम्म्यातनं पळाया? हातावरचं धू ते आधी."

हर्षदानं हात धुतले. घंटा झाली.

साखरबाई बाकावर येऊन टेकली. मौन एवढं जपलं, एवढं गिळलं, आणि घटकेत घालवलं. ती डोकं बाकावर ठेवून पडली. पर्यवेक्षक आले. "मावशी, बरं वाटत नाही का?"

"बरी हाय. तुम्ही जरा गप बसा."

ते पुढच्या बाकाकडं सरकले. तिनं पहिला प्रश्न वाचला, पुन्हा वाचला. वाचता वाचता तिला कळलं की भ्या कुठंच नाही. पोटात नुसता राग भरलेला, दुसऱ्या कशाला तिथं जागाच नाही. ओळीवर बोट ठेवून तिनं एकेक गोळा काळा केला. प्रत्येक गोळ्याला विक्रमच्या नाकावर टेकवावं तसं पेन टेकवलं.

साखरबाई पास झाली. हर्षदा थोडक्यात राहिली, पण तिला अजून वय होतं.

नेमणुकीचं पत्र आलं त्याच आठवड्यात नवनाथनं चौफुल्यावर गाडी थांबवली. चौकात मोठा फ्लेक्स. 'आमच्या क्लासचे यशस्वी विद्यार्थी.' वरच्या रांगेत साखरबाईचा फोटो, कुठल्याशा सत्काराचा, तिथनं कापून घेतलेला. खाली हात जोडलेला विक्रम.

साखरबाई गाडीवरून उतरली. मग पिशवीतला विळा काढून तिनं दोऱ्या कापायला घेतल्या.

पानटपरीवाला धावत आला. "ओ मॅडम, विक्रम सरांचा हाय तो. परमिशन घेतली का?"

"त्यानं घेतली व्हती का माझी?"

टपरीवाला मागं सरला. नवनाथनं खालून फ्लेक्स धरला, गुंडाळला, वजनाचा अंदाज घेतला.

"कापड जाड हाय," तो म्हणाला. "कडब्यावर टाकाया बरं."

"दुमडून टाक. माझं तोंड खाली कर," साखरबाई गाडीवर बसत म्हणाली. "त्याचं राहू दे वर. ऊन लागू दे जरा."