रुंद दांडीचं मेंडोलिन

दादा गेला, ही बातमी मला राजूरला, सासरी, मोटारीच्या कंडक्टरनं सांगितली. कावीळ होती. बरं वाटतंय असा निरोप आदल्याच बाजाराला आला होता... आणि मग हा दुसरा. मी घाटंजीला माहेरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. भिंतीवरच्या खुंटीला त्याचं मेंडोलिन तेवढं होतं. गाव त्याला सुखदेव गुरुजी म्हणायचं. शाळेत शिकवायचा आणि उरलेल्या वेळात वाजवायचा. मीही चार बायांसारखी रडून गप्प बसले असते, पण मी हे जिला लिहून पाठवते आहे, त्या वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत शोकसभेची बातमी छापून आली. तीत संगीताचे वर्ग चालवणारे दिनकरराव म्हणतात, सुखदेवच्या हातात मेंडोलिन मी दिलं. ते वाचून माझं रडू आटलं. दिलं हे खरंच आहे. कसं दिलं, तेही लोकांना कळू दे.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या बाबांनी गावकीचा डफ कायमचा खाली ठेवला. लग्नात, सणात बोलावणं आलं की जायचं आणि दाराबाहेर बसून वाजवायचं, ते संपलं. बोटांची सवय मात्र जाईना. जेवताना ताटाच्या कडेवर ती चालू लागत आणि मग बाबा स्वतःच हात आवरून घेत. दादालाही वाजवायचं होतं, पण दाराबाहेर बसून नव्हे... मेंडोलिन घाटंजीत दिनकररावांकडेच शिकायला मिळे. त्यांचा ऑर्केस्ट्रा होता, आणि त्यांच्याकडची रीत अशी की शिष्याचं पहिलं वाद्य गुरूनं निवडायचं, दुकानात शिष्यानं त्याला हातही लावायचा नाही. नागपूरच्या दुकानात दादा हात मागे बांधून उभा राहिला. दिनकररावांची बोटं बारीक आणि आखूड. त्यांनी आपल्याच हाताला बसेल असं अरुंद दांडीचं मेंडोलिन उचललं. दादाची बोटं बाबांसारखी जाडजूड. एक तार दाबली की शेजारची दबायची आणि सूर ठप्प. कित्येक महिने तो स्वतःलाच दोष देत राहिला. कार्यक्रम असला की तेच मेंडोलिन दिनकरराव घेऊन जायचे. वाद्य दादाचं, हार त्यांना. एकदा सगळ्या शिष्यांसमोर ते हसत म्हणाले, "तुहे बोटं डफाचे आहेत, सुखदेव. तुले तार कायले पाह्यजे?" दादानं मेंडोलिन त्यांच्या गादीवर ठेवलं, चपला घातल्या आणि निघून आला. त्या माणसाला मी तेव्हा माफ केलं नाही, आजही करत नाही.

पुढल्या उन्हाळ्यात तो मला सोबत घेऊन त्याच दुकानात गेला. या खेपेला हात मागे नव्हते. एकेक मेंडोलिन मांडीवर घ्यायचा, तारांच्या एका जोडीवर बोट टेकवायचा आणि शेजारची जोडी छेडून बघायचा, मोकळी वाजते का. नाही वाजली की परत. वाजली तर दांडी धरून नुसताच बसायचा, अंगठ्याचं मूळ दुखतं का ते पाहत. दुकानदार कंटाळला. शेवटी त्यानं माळ्यावरून धूळ खात पडलेलं एक काढलं. दांडी इतकी रुंद की गिऱ्हाइकं हातात घेऊन ठेवून द्यायची. दादानं बोट टेकवलं, आणि शेजारची तार खणखणीत बोलली. तो माझ्याकडे वाकून म्हणाला, "शांते, हे दिनकररावच्या हातात बसणार नाई." दादाला असं वाईट हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

पुढे मुकुटबनपासून यवतमाळपर्यंत जयंतीच्या मंडपांत तो वाजवत राहिला. बाबा पुढेच बसायचे. नाव झाल्यावर दिनकररावांनी ऑर्केस्ट्रात यायला सांगून पाठवलं, तर माझे बोटं डफाचे आहेत, एवढाच निरोप दादानं उलटा धाडला.

शोकसभेनंतर दिनकरराव घरी आले. चहा घेतला, दादाचे गुण गायले, आणि मग मेंडोलिन मागितलं. शिष्याची आठवण म्हणून वर्गात ठेवायचं म्हणाले. बाबा मान खाली घालून बसले होते. ते आता 'न्या' म्हणतील, हे मला दिसलं. मी उठले, खुंटीवरून मेंडोलिन काढलं आणि दिनकररावांच्या मांडीवर ठेवलं.

"न्या ना. पण दादा वाजवे तसं वाजवून न्या."

अंगणात माणसं होती. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी दांडी धरली. करंगळी शेवटच्या तारेपर्यंत पोचेना. बोटं ताणली तर अंगठा सुटला, आणि जे काही वाजलं ते ऐकून सुतकी चेहऱ्यानं बसलेल्या बायांनीही तोंडाला पदर लावला. वय झालं आता, असं काहीसं पुटपुटत त्यांनी ते खाटेवर ठेवलं आणि निघाले. मला दया आली नाही.

ते गेल्यावर बाबांनी मेंडोलिन जवळ ओढलं. डफ ठेवल्यापासून त्यांनी कुठल्याच वाद्याला हात लावला नव्हता. त्यांनी एका तारेवर बोट टेकवलं आणि शेजारची छेडली... मोकळी वाजली. आता शाळा सुटायच्या वेळेला बाबा रोज ते खुंटीवरून काढतात. गाणं येत नाही, नुसत्या तारा छेडत बसतात. दिनकररावांचं घर मागच्याच आळीत आहे. तिकडची खिडकी उघडी ठेवा, असं मी बाबांना सांगून आले आहे.