अण्णांचे हात

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. अक्काला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अण्णांना पाहिलेलं नाही. पाहिलं असतं, तर बहुतेक माझं तोंड उघडलं नसतं.

सरळ मुद्द्यावर यावं म्हणतो, पण पाऊल मागे सरतं. आधी माझं काम सांगतो, ते सोपं आहे.

नांदेडला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाईल येतात, पण माझं नाव झालंय ते गेमच्या डब्यांसाठी — टीव्हीला जोडून खेळतात ते कन्सोल. त्यांचं एक दुखणं ठरलेलं. मागे टीव्हीची वायर घुसते ते एचडीएमआय पोर्ट मोडतं. कुणी वायर उलटी दाबतं, कुणाच्या पायात वायर अडकून डबा खाली येतो. पोर्टच्या आत एक पातळ जीभ असते, तिच्यावर केसासारख्या पिना. त्या वाकल्या की टीव्हीचा पडदा काळा. मग बोर्ड बाहेर काढायचा, गरम हवेनं जुनं पोर्ट उचलायचं, नवं बसवायचं. श्वास धरून करायचं काम. हात जरा हलला तर बोर्ड जातो.

माझा हात हलत नाही. तो मला अण्णांकडून मिळाला.

अण्णा म्हणजे माझे वडील. निलंग्यात त्यांनी जन्मभर शिलाई केली. शेजाऱ्यांशी बोलता बोलता, तिकडे न बघता सुईत दोरा ओवायचे. लहानपणी मला काज करायला बसवायचे. टाका वाकडा गेला की रागवायचे नाहीत, उसवून कापड परत माझ्या हातात द्यायचे. बस, एवढंच.

आई गेल्यावर ते एकटे राहिले. माझी थोरली बहीण अक्का लातूरला दिलेली, मी नांदेडला. दोघांनीही ‘आमच्याकडे चला’ म्हणून पाहिलं. ते ऐकेनात. मशीन होती, गल्ली होती, स्वतःच्या हातची येसर आमटी होती. माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकानं सोडून दिलेला जुना कन्सोल पडून होता. तो नीट केला, क्रिकेटचा गेम घातला आणि निलंग्याला नेऊन दिला. त्यांचा वेळ जाईल, आणि मला सारखं जावं लागणार नाही — दुसरी गोष्टही मनात होती, ती लपवत नाही.

त्यांना तो खेळ भलताच लागला. मी गेलो की आम्ही खाटेवर खांद्याला खांदा लावून बसायचो. बॅटिंग कायम त्यांची, बोलिंग माझी. आऊट झाले की हातातल्या रिमोटकडे बघून म्हणायचे, “हे बटन लई बेइमान हाय.” आयुष्यात आम्ही बापलेक इतके जवळ कधी बसलो नव्हतो. बोलायचो असं काही नाही. पण बसायचो.

मग एकदा त्यांचा फोन आला. “चित्र येईना गेलंय रे टीव्हीवर.”

झाडताना वायर ओढली गेली होती. मी गेलो, डबा नांदेडला आणला, पोर्ट बदललं, परत नेऊन दिला. म्हणजे दोन खेपा. दोन्ही वेळेस त्यांनी आमटी केली, दोन्ही वेळेस शेजारच्यांना सांगितलं, पोरगं आलंय.

थोड्या दिवसांनी पुन्हा फोन. चित्र येईना गेलंय. मग पुन्हा एकदा. लातूरला गाडी बदलायची, पोचेपर्यंत दिवस कलायचा, दुकानाचं शटर बंद. मी वैतागायला लागलो होतो. फोनवर माझा आवाज बदलायचा आणि त्यांना तो कळायचा. “घाई न्हाई, सवडीनं ये,” म्हणायचे.

त्या खेपेला मी डबा दुकानात उघडला आणि पोर्ट सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

तुम्हाला सांगतो, वायर ओढून मोडलेलं पोर्ट मी झोपेत ओळखतो. बाहेरचं पत्र्याचं तोंड फाकतं, आतली जीभ तडकते, पिना एका बाजूला सपाट होतात. इथे तसं काहीच नव्हतं. तोंड कोरं करकरीत. जीभ शाबूत. फक्त मधल्या दोन पिना अलगद वर उचललेल्या, आणि त्यांच्या बुडाशी एक बारीक ओरखडा. सुईचा.

शेजारच्या पिनेला धक्कासुद्धा नव्हता. मला स्वतःला तसं जमलं असतं का? बिनभिंगाचं?

मी आधी हसलो. मग हसू थांबलं. खिडकीशी बसून, उजेडात डबा धरून, सुई घेऊन बसलेले अण्णा मला दिसले. मी यावं म्हणून. नुसतं ‘ये’ म्हणायचं सोडून.

इथंवर गोष्ट त्यांची आहे. आता माझी.

त्याच दुपारी अक्काचा फोन आला. “काय रे, सारखं कसं बिघडून राहिलंय ते?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. खरं सांगायला किती लागलं असतं? अक्का, त्यांना करमत नाही, माझी वाट बघतात. पण तसं म्हटलं असतं तर तिनं पुढे विचारलंच असतं — मग तू जात का नाहीस? या एका प्रश्नाला मी भ्यालो.

म्हणालो, “अण्णांचे हात थरथरायला लागलेत अक्का. साधी वायर लावता येईना गेलीय.”

बोलून गेलो. काम सोडून दुसरीकडे बघत, सहज.

अक्का फोनवर रडली. तिला गॅस दिसला, कात्री दिसली, उकळतं पाणी दिसलं. तिची माया मोठी, आणि माया घाबरते. त्याच आठवड्यात ती निलंग्याला गेली, मलाही बोलावून घेतलं. अण्णा मशीनवर बसले होते. कुणाच्या तरी झंपरला बाही लावत होते. अक्का त्यांच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, “अण्णा, तुमचे हात थरथरतेत म्हणं. भाऊ सांगत होता. आता एकटं ऱ्हायचं न्हाई.”

अण्णांनी आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं.

हात थरथरत नाहीत हे दाखवणं त्यांना अवघड नव्हतं. सुई समोरच होती. पण ते दाखवलं असतं, तर पिना कशा वाकल्या हेही सांगावं लागलं असतं. आणि मी काय केलं? मी भिंतीकडे पाहिलं. एक शब्द — एकच — बोललो असतो तर ते घर राहिलं असतं.

“असंल बाई,” अण्णा म्हणाले. त्यांनी मशीनवर झाकण घातलं.

लातूरला अक्कानं त्यांना फुलासारखं ठेवलं, यात खोट नाही. पण गॅसपाशी जाऊ द्यायची नाही. कपात चहा अर्धाच द्यायची. शर्टाची बटनंही तीच लावायची. कात्री तिनं उचलून ठेवली, आणि मी नीट करून दिलेला तो गेमचा डबाही कपाटावर — उगाच मोडून घेतील म्हणून. ते काही म्हणायचे नाहीत. गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरच्या माणसांचे कपडे बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, “त्या माणसाची बाही चुकलीय बघ.”

एका दुपारी मी गेलो तेव्हा अक्का बाजारात गेली होती. मी डबा खाली काढला, टीव्हीला जोडला. आम्ही बसलो, पहिल्यासारखे. त्यांचा अंगठा बटनावर असा पडत होता की एक चेंडू चुकेल तर शपथ. मी बघत होतो. जराही थरथर नव्हती.

खेळता खेळता, पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, “तुला तवाच कळलं होतं न्हवं?”

बघा, किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. रागही नव्हता आवाजात. मला फक्त ‘हाव अण्णा’ म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “काय, अण्णा?”

त्यांनी रिमोट नीट धरला. “काई न्हाई. टाक बॉल.”

मी बॉल टाकला.

अक्का आली, तिनं चहा केला. अण्णांच्या हातात कप दिला, आणि कप बशीवर वाजायला लागला. अर्धा भरलेला, तरी चहा हिंदकळून बशीत सांडला. अक्कानं माझ्याकडे पाहून मान हलवली, बघितलंस ना, असं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. आत्ता, चहाच्या आधी, तोच हात मी खेळताना पाहिला होता. त्यांनी मला खोटं पडू दिलं नाही. माझा वाकडा टाका त्यांनी उसवला नाही. स्वतःच्या अंगावर घातला.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. अक्काच्याच घरी, दुपारच्या झोपेत. दहाव्याला आलेल्या माणसांना अक्का सांगत होती, “शेवटी शेवटी हात लई थरथरायचे हो. त्यांचं समदं मीच करायचे.” लोक हळहळत होते. कुणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, तुला कधीपासून जाणवलं होतं?

मी म्हणालो, बरेच दिवस झाले होते.

त्यांचे हात कधीच थरथरले नाहीत. थरथरतात, हे मी सांगितलं होतं.