शेठचा हंगाम

सोफे आणि गाद्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार उशीवाले म्हणायचा. माणूस मऊ, दुकान एवढंसं, लग्नाच्या भानगडीत कधी पडलेच नाहीत. मेहुणे गेले तेव्हा थोरल्या बहिणीला त्यांनी आपल्याकडे आणलं. ताई आली ती गप्पच. वाढलं तर जेवायची, उठवलं तर उठायची.

एकदा एका गिऱ्हाइकानं खोक्यातून बदकाचं पिल्लू आणून त्यांच्या गळ्यात मारलं. उशीवाल्यांनी ते ताईच्या मांडीवर ठेवलं आणि दुकानात गेले. संध्याकाळी परतले तर आतून बोलण्याचा आवाज. ताई पिल्लाला दाणे भरवत होती आणि त्याला दटावत होती, "हळू खा, कुणी पळवून नेत नाही." उशीवाले दारातच थबकले. पिशवी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

पिल्लू वाढलं, शेपटीवर एक पीस वळलं, आवाज घोगरा झाला. नर निघाला. पोट पुढं काढून डुलत चालायचा, म्हणून ताईनं नाव ठेवलं शेठ. ती भांडी घासायला बसली की शेठ शेजारी, ती लवंडली की शेठ उशाशी.

पुढं दिवस मोठे होऊ लागले आणि शेठ बिघडला. ताई दिसली की मान खालीवर करायचा, तिच्या पावलांवर चढायचा आणि पोटरीला चोच लावून लोंबकळायचा. पाय काळेनिळे झाले. उशीवाल्यांनी झाडू उचलला तर ताई आडवी आली.

"मारू नकोस रे. माझंच काहीतरी चुकलं असेल."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई घरी येऊन पाहून गेल्या. "चुकलं काही नाही, मावशी. माणसाच्या हातावर वाढलाय, तुम्हालाच जोडीदार समजतो. हंगाम सरला की निवळेल. तोवर मांडीवर घेणं बंद, हातानं भरवणं बंद. अंगावर आला तर पळू नका, लाथही नको. पाठीवर हात ठेवून शांत होईपर्यंत जमिनीशी हलकेच दाबून धरा. आणि चार-पाच माद्या आणा. एक-दोन आणल्यात तर त्यांचं काही खरं नाही."

"म्हणजे मी त्याला परका करायचा," ताई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आपली बॅग बंद केली.

अंगण चटईएवढं. उशीवाल्यांनी दोनच माद्या आणल्या, म्हटलं, निभेल. ताई घरात बसू लागली. शेठ दाराशी येऊन घोगऱ्या आवाजात बोलवायचा, ती भिंतीकडे तोंड करून ऐकायची. मग शेठचं लक्ष माद्यांकडे गेलं आणि त्यानं त्यांना सळो की पळो करून सोडलं. त्यांतल्या धाकटीच्या मानेवरची पिसं उपटली गेली, कातडीतून रक्त आलं. उशीवाल्यांनी सोफ्याचं जाड कापड कापून दोघींच्या पाठीवर झुली शिवल्या, जखमेला मलम लावलं, अंगणात जाळी ठोकली. शेठ अलीकडे, माद्या पलीकडे, मधल्या दाराला कडी. चार दिवस घर शांत राहिलं.

एका सकाळी ते उठले तर मधलं दार सताड उघडं. धाकटी पाण्याच्या टबात मान टाकून पडली होती. शेठनं तिला पाण्यात दाबून ठेवलं होतं, आणि तो अजून टबाच्या काठावर उभा होता.

ताई पायरीवर बसली होती. "कडी मीच काढली. पहाटेपासून हाका मारत होता. मला वाटलं, बिचारा एकटा आहे."

उशीवाले आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. "बिचारा? तो बिचारा?" मग त्यांनी शेठला टोपलीत कोंबलं आणि डॉक्टरीणबाईंच्या ओळखीनं गावाबाहेरच्या तळ्यावर सोडून आले. तिथल्या राखणदाराकडे माद्या पुष्कळ होत्या. उरलेली मादी एकटी झुरू नये म्हणून दुसऱ्या दिवशी तीही तिथंच पोचती केली.

शेठला कुठं सोडलं, हे ताईनं विचारलंही नाही.

हंगाम सरल्यावर उशीवाल्यांच्या मनाला टोचणी लागली. ताईला रिक्षात घालून ते तळ्यावर गेले. पाण्यात बदकांचा थवा, नर सगळे एका साच्यातले. ताई काठावर वाकून "शेठ, ए शेठ" करत राहिली. काही बदकं वळली, दाणे नाहीत हे बघून निघून गेली.

राखणदार चाचरत म्हणाला, "तुमचा तो नर ना? तो इतरांत मिसळलाच नाही. माणूस दिसलं की मागं धावायचा. रस्त्यावर गेला एकदा, गाडीखाली."

ताईनं मान हलवली, जणू कुणी भाजीचा भाव सांगितला. परतताना उशीवाले म्हणाले, "ताई, रड तरी." ती म्हणाली, "कशाला रे?"

आता ते दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवतात. काम नसलं तर शिवलेलीच गादी उसवून पुन्हा शिवत बसतात. घरी ताई जागी असते, दिवा न लावता.