पाठमोरे काका

पासवर्ड टाकायची वेळ आली की हा माणूस खुर्चीतून उठायचा, लॅपटॉप गिऱ्हाइकापुढे सरकवायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. हात मागे बांधलेले, मान ताठ. शाळेत शिक्षा झालेलं पोर उभं राहतं ना, अगदी तसा.

"टाका निवांत. झालं की सांगा."

लोक हसायचे. दातांच्या डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या होत्या, "अहो, बसा की! तुम्ही काय माझं नेट पळवून नेणार आहात?" एका वकिलाने घरचा पासवर्ड तीनदा चुकवला, बायकोला फोन लावला, तिच्याशी भांडण काढलं, आणि तोवर हे आपले भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे. वळले म्हणून नाहीत. त्यावरूनच नाव पडलं, पाठमोरे काका. खरं नाव विचाराल तर गिऱ्हाइकांपैकी एकालाही सांगता यायचं नाही.

काकांचा धंदा वायफाय बसवून द्यायचा. घरं, दुकानं, दवाखाने, शिकवण्या. त्यातही हातखंडा एका कामात, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढून देण्यात. लोकांना आधी ते पटायचंच नाही. एवढ्याशा घराला दोन नेटवर्कं कशाला? मग काका समजावायला बसत. "पाहुणा आला की बैठकीत बसतो ना? चहा घेतो, गप्पा मारतो. उठून थेट तुमचं कपाट उघडतो का? नाही ना? मग त्याच्या फोनने तरी तुमच्या घरातलं का बघावं? पाहुण्याला नेट मिळेल, फक्त नेट. घरातला टीव्ही, कॉम्प्युटर, कॅमेरे, काही दिसणार नाही. घरचे घरच्या नेटवर्कवर, पाहुणे पाहुण्यांच्या." शेवटचं वाक्य ते असं ठासून म्हणत, की समोरच्याने मान डोलवायलाच हवी.

आणि गंमत बघा. हा माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यांच्या नेटवर्कवर होता! एकदोन दिवस नव्हे, लग्न झाल्यापासून.

आता हे लग्न कसं झालं ते सांगायला हवं. केस पांढरे होईतो काकांचं लग्न झालं नव्हतं. आईचं आजारपण काढण्यात वर्षं गेली, आणि मग कोणी विचारलं नाही, यांनीही विचारलं नाही. विचारणं हा प्रकारच या माणसाच्या अंगात नव्हता. भूक लागली तरी वाढा म्हणायचे नाहीत. "काही अडत नाही," हे त्यांचं पालुपद. तर एकदा गल्लीच्या टोकाच्या घरातून बोलावणं आलं. तिथे एक बाई आणि तिची नोकरीला लागलेली लेक. घरधनी नुकताच गेलेला. मागची खोली भाड्याने द्यायची होती, भाडेकरूंना नेट हवं, म्हणून पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं काढायचं.

लेकीने लॅपटॉप पुढे ओढला. काका सवयीने भिंतीकडे वळले आणि वळता वळता म्हणाले, "ताई, घरचा पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही बरं का. कितीही जवळचा असो. मलासुद्धा नाही."

पोरीने ते कानात जपून ठेवलं.

मग कधी नेट बंद पडलं, कधी भाडेकरूंचं चालेना, काका येत राहिले. बाई चहा द्यायची, काका "कशाला उगाच" म्हणत दोन कप प्यायचे. पुढे नेट छान चालत असतानाही येऊ लागले, तेव्हा गल्लीला कळायचं ते कळलं. शेवटी बाईनेच विचारलं. नाहीतर हे अजून चहाच पीत बसले असते. रीतसर सह्या करून लग्न झालं, आणि काका दोन पिशव्या आणि एक शिडी घेऊन त्या घरात राहायला आले.

आल्या दिवशी फोन उघडला तर तो आपोआप जोडला गेला, पाहुण्यांच्या नेटवर्कला. काम करताना तिथेच जोडून बघितलं होतं ना! काकांनी ते बघितलं आणि फोन खिशात टाकला. काही अडत नाही.

पण अडायचं. दाराच्या बेलला त्या घरात घंटाच नव्हती. बटण दाबलं की घरच्यांच्या फोनवर वाजायचं, आणि दारात कोण आहे ते दिसायचं. तेही फक्त घरच्या नेटवर्कवर. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून बेल ऐकू येत नसते. ती तशी येऊ नये, ही व्यवस्था कोणाची? यांचीच!

त्यामुळे दोघी बाहेर गेल्या आणि काका एकटे घरात असले, की दारात कुणीही यावं आणि कंटाळून परत जावं. एकदा बाईचे थोरले भाऊ आले. लेकीचे मामा. लग्नाच्या वेळी तोंड वाकडं करून बसले होते, ते समजूत पडून पहिल्यांदाच आलेले. काका आत वायर सोलत बसले होते. मामांनी बेल दाबली, पुन्हा दाबली, खिडकीतून दिवा दिसत होता. मामा काही दार ठोठावणाऱ्यांतले नव्हेत. तणतणत परत गेले, आणि रात्री फोनवर बहिणीला सुनावलं, "घरात असून दार उघडत नाहीत! मला दारात उभं करायचं होतं एवढंच ना?"

बाई काकांकडे बघत राहिली. "तुम्ही होतात ना घरात?"

"डोळा लागला होता गं," काका म्हणाले.

लेक तेव्हा जेवत होती. तिने मान वर केली, काकांकडे बघितलं, आणि परत ताटात घातली. काकांच्या मनात आलं, बघ, हिला बरं वाटलं असेल. त्या रात्री त्यांना खरंच वाईट वाटलं. या वयात घर मिळालं, बायको मिळाली, आणि दाराची बेल काही मिळाली नाही.

बाई कधी म्हणायची, "अहो, मागा ना तिच्याकडे तो पासवर्ड. मला तर तिनेच टाकून दिलाय, मला कुठलं माहीत."

"काही अडत नाही."

"आणि लेकीला अहो-जाहो काय करता हो? ताई काय, तुम्ही काय! ती काय गिऱ्हाईक आहे?"

यावर काका वायरचं भेंडोळं उचलून दुसऱ्या खोलीत जायचे. मनात आणलं असतं तर राउटर त्यांनीच बसवलेला होता, आत शिरून पासवर्ड बघायला दोन मिनिटं पुरे होती. पण चोरून बघायचा, तर आयुष्यभर भिंतीकडे तोंड कशाला केलं? तो त्या पोरीने आपणहून द्यायला हवा होता. बस, एवढीच इच्छा. आणि ती इच्छा ते कुणापाशी बोलणार नव्हते.

मग लेकीने नोकरी सोडली. शिकली होती फिजिओथेरपी, ठरवलं की घरीच दवाखाना काढायचा. भाडेकरू गेले होतेच. मागच्या खोलीत पलंग, दोऱ्या, चेंडू आले. बैठकीत भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या, ताटकळणाऱ्या गुडघ्यांसाठी. नवा, दणकट राउटरही आणला. दवाखाना सुरू व्हायच्या दिवशी सकाळी ती काकांना म्हणाली, "काका, पेशंटसाठी वेगळं नेटवर्क काढून द्याल ना? जुनं भाडेकरूंचं बंदच करा. त्याचा पासवर्ड अर्ध्या गल्लीला माहीत आहे. माझ्या कॉम्प्युटरवर आता लोकांची माहिती असणार."

"देतो की ताई. बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले.

शिडी आणायला गेले आणि शिडीपाशीच थबकले. जुनं बंद. म्हणजे आपलंही बंद. आता एक तर ती सांगेल, नाहीतर आपण त्या खुर्च्यांवरच्या गुडघेदुख्यांबरोबर कायमचे. आज जे होईल ते पक्कं होईल, हे त्यांना पुरतं कळलं होतं. विचारावं का? एक वाक्य तर आहे! शिडी खांद्यावर घेतली आणि आत आले.

राउटर उंचावर बसवला, वायर कडेकडेने नेली, एकही खिळा वाकडा नाही. दिवे लागले. लॅपटॉप उघडून काका म्हणाले, "घरच्या नेटवर्कला नाव जुनंच ठेवू, पासवर्डही जुनाच टाका. म्हणजे तुमचे फोन, बेल, सगळं आपोआप जोडलं जाईल." आणि उठले. भिंतीकडे तोंड. हात मागे.

त्या भिंतीवर लेकीने मणक्याचं चित्र लावलं होतं. काका मणके बघत राहिले. मागे टकटक आवाज आला आणि थांबला.

"झालं," लेक म्हणाली.

काका वळले. आतून बाईने हाक मारली, "आलं गं माझ्या फोनवर!" मग काकांनी पाहुण्यांचं नेटवर्क काढलं, घरापासून तोडलं, पासवर्ड सोपा दिला आणि मोठ्या अक्षरांत लिहून खुर्च्यांच्या वर चिकटवला. काम चोख. शेवटी काकांनी खिशातून आपला फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि भिंतीवरच्या कागदाकडे बघत बघत एकेक अक्षर टाकू लागले.

"काय करताय काका?"

"काही नाही ताई. माझा जोडतोय."

"त्याला?"

"हो. काही अडत नाही."

पोरगी उभीच राहिली. मग एकदम म्हणाली, "मामा आले होते तेव्हा तुम्ही झोपला नव्हतात. मला तेव्हाच कळलं होतं."

काकांचं बोट फोनवर तसंच राहिलं.

"मग तुम्ही मागितलात का नाही कधी? एकदाही? मी वाट बघत होते. मला वाटलं, यांना नकोच आहे. मला ताई म्हणतात, अहो म्हणतात, काम झालं की जातील शिडी घेऊन."

"मी?" काका म्हणाले. "अगं, मी कुठे जातोय? मला वाटलं तुम्हालाच... तुलाच नको असेल."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, कुणालाही देऊ नको!"

"ते गिऱ्हाइकाला म्हणालो होतो!"

तिला हसू आलं, पण डोळे भरले होते. "आणि द्यायचा तरी कसा? त्यात बाबा आहेत. बाबा कामावरून आले की दारातूनच ओरडायचे, मी आलो गं! तुम्ही आलात त्या दिवशी मला दुसरं काही सुचलंच नाही. तेच टाकलं. मग तुम्ही इथे राहायला आलात. आता तुम्हाला कसं सांगू, की रोज हे टाका म्हणून?"

काकांनी चष्मा नाकावर घेतला.

"रोज नाही टाकावं लागत," ते म्हणाले. "एकदाच टाकायचं. मग फोन लक्षात ठेवतो."

"बदलू का? आपण नवीन घेऊ काहीतरी."

"अजिबात बदलायचं नाही! राहू दे त्यांचा." जरा थांबून म्हणाले, "चालणार असेल तर मला सांग."

हे त्यांनी मागितलं. बापजन्मात पहिल्यांदा! आतल्या दारात बाई पदर तोंडाला लावून उभी होती, तिने ऐकलं.

लेक त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि तिने सांगितलं. इंग्रजी अक्षरांत, सगळं एकत्र, शेवटी घराचा नंबर. काका एका बोटाने टाकत गेले. मी. आलो. गं. मध्ये एक अक्षर चुकलं, खोडलं, परत टाकलं. लेक बघत होती. पाठ कुणीच फिरवली नव्हती.

फोनवर खूण उमटली. बेलचं ॲपही तिनेच घालून दिलं आणि काकांनी फोन खिशात ठेवला. बाई चहा टाकते म्हणाली आणि गेलीच नाही.

तेवढ्यात खिशात काहीतरी वाजलं. काका दचकले, खिसा चाचपू लागले. फोन काढून बघतात तर पडद्यावर त्यांच्याच घराचं दार, आणि दारात काठी टेकून एक आजोबा. दवाखान्याचे पहिले पेशंट. लेकीचा फोन वाजत होता, बाईचाही वाजत होता. तिघांचे तीन.

लेक उठू लागली.

"तू बस," काका म्हणाले. "मी बघतो कोण आलंय."

आणि त्यांनी जाऊन दार उघडलं. "या या आजोबा, सावकाश, उंबरा आहे. आत या. नेट हवं असेल तर पासवर्ड भिंतीवर आहे. आमची लेक येईलच एवढ्यात."