लटकून बघणारे मामा

कुठल्याही घरातलं काम संपलं की पक्कामामा त्या कामाला लटकायचे. खिडकीची चौकट असो, माळ्याच्या शिडीचा कठडा असो, नाहीतर भांड्यांची मांडणी. चपला काढायच्या, दोन्ही हातांनी घट्ट धरायचं आणि पाय जमिनीवरून उचलायचे. क्षणभर तसेच लोंबकळत घरातल्या बाईकडे बघायचे आणि म्हणायचे, "पक्का!" मगच हत्यारांची पिशवी आवरायला घ्यायचे. कोणी हसलं तर सांगायचे, "हसा. उद्या तुम्ही पडण्यापेक्षा आज मी पडलेला बरा."

दिंडोशीच्या टेकडीवरच्या आमच्या जुन्या वस्तीत ते आमचे शेजारी होते. मूळचे मालवणकडचे. मला लिहायची फारशी सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे असं काही लिहून दाखवावं असंही कोणी नाही. पण मामांबद्दल बोलायला गेले की मी मध्येच विषय बदलते. म्हणून लिहून बघते आहे.

बाकीचे कारागीर भिंतीला भोक पाडून आधी त्यात प्लास्टिकची गुट्टी ठोकतात आणि मग गुट्टीत स्क्रू पिळतात. मामांना गुट्टी आवडत नसे. ते स्क्रूपेक्षा किंचित बारीक भोक पाडायचे, सायकलच्या पंपाने आतली धूळ उडवायचे आणि जाड आट्यांचा स्क्रू थेट विटेत पिळायचे. आत जाताना तो विटेत स्वतःची वाट कापत जायचा. "स्क्रू आणि भिंतीचं लग्न लागलं ना?" मामा म्हणायचे, "मग मध्यस्थाला जेवून घरी पाठवायचं. तो कशाला राहतोय मध्ये?"

भिंतीला टेकवून ठेवलेली वस्तू त्यांना बघवत नसे. कुणाच्या घरी आरसा, देवांची फ्रेम, काहीही नुसतं टेकवलेलं दिसलं की ते उभ्या उभ्या बोलायचे. "टेकवलेलं म्हणजे पाहुणा. आज आहे, उद्या सरकेल. स्क्रूने धरलं की घरातलं माणूस." अकरावीत माझी पुस्तकं कॉटखालच्या खोक्यात होती. एक दिवस मामा फळी घेऊनच आले. "काय गो, पुस्तकं काय पाहुणी आली आहेत?" त्यांनी माझ्या डोक्याशी फळी बसवली, तिला लटकले, आणि आई ओरडली, "अहो मामा, भिंत येईल अंगावर!" भिंत आली नाही. ती वीट त्यांनीच रचलेली होती.

मामी त्यांच्या या लटकण्याला कंटाळलेली असायची. ती बारीक, बोलायला तिखट. "लग्नात माझ्या मंगळसूत्राक पण लटकले असते," असं ती बायकांना सांगायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवसभर एकमेकांना टोमणे मारायचे आणि संध्याकाळी एकाच ताटलीतले शेंगदाणे खायचे.

मग वस्ती पाडली आणि त्या बदल्यात आम्हाला जवळच बांधलेल्या इमारतीत घरं मिळाली. सगळ्यांनी पेढे वाटले. नळ घरात, संडास घरात, वर जायला लिफ्ट. इथेही मामांचं दार आमच्या दाराला लागून होतं. पहिल्याच दिवशी ते देव्हाऱ्यासाठी भिंतीला भोक पाडायला उभे राहिले आणि मशीन लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. खाली पांढरी भुकटी पडली. मामांनी ती चिमटीत घेऊन चोळली. "विटेची धूळ लाल असते," ते मला म्हणाले. "काँक्रीटची राखाडी. हे पीठ आहे गं. भाकऱ्या भाजा ह्याच्या." हलक्या ठोकळ्यांच्या भिंती होत्या त्या. देव्हारा कसाबसा राहिला. माझी फळी मात्र त्यांनी लावली नाही. "पुस्तकांचं वजन नाही घेणार ती," एवढंच म्हणाले.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मामीची डावी बाजू गेली. अर्धांगवायू. दवाखान्यातून आली ती पाय ओढत, पण उभी राहत होती. अडायचं फक्त संडासात. बसल्यावर उठता यायचं नाही, मामांना हाक मारावी लागायची. त्याची तिला फार लाज वाटायची. खुर्चीचा संडास आणू या म्हटलं तर तिने तोंड फिरवलं. एकदा मी समोर असतानाच ती मामांना म्हणाली, "माका धरूक कायतरी द्या. तुमका नको धरूक." म्हणजे, मला धरायला काहीतरी द्या, पण तुम्हाला धरून उठायचं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात चौकटी बसवलेल्या माणसाकडे तिने एवढंच मागितलं होतं. भिंतीत एक हँडल.

मामांनी चांगलं स्टीलचं हँडल आणलं. स्क्रू थेट भिंतीत पिळला तर तो नुसताच फिरत राहिला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गुट्टी वापरली, लांबातली लांब. वर टाइल लावली, हँडल बसवलं आणि लटकले. टाइलसकट खाली आले. दुसऱ्या वेळी भोकात केमिकल भरून, सुकू देऊन, पुन्हा लटकले. या वेळी ठोकळ्याचा एक तुकडाच हातात आला. आरपार बोल्ट घालून मागून पत्रा लावावा, तर भिंतीपलीकडे पाइपांची मोकळी विहीर, खाली तळमजल्यापर्यंत. तिथे उभं कोण राहणार?

तिसऱ्या वेळी जागा बदलून, मोठी पट्टी लावून, तिच्यावर हँडल बसवलं. तेव्हा आई आणि मीही तिथे होतो. मामांनी चपला काढल्या. तेवढ्यात दारातून मामी म्हणाली, "लटकू नका."

"बघायला तर पाहिजे ना."

"तुमच्या लटकण्यानंच तुटता ता. माझा वजन काय, चिमणीएवढा. आता तसाच ऱ्हवांदे." मग आवाज उतरला तिचा. "हात जोडतंय तुमका."

मामा हँडल धरून उभे राहिले. पाय जमिनीवरच होते. आई मला हळूच म्हणाली, "चल, आपण जाऊ." आम्ही निघालो तेव्हा मागून त्यांचा "पक्का" ऐकू आला नाही.

पुढचे काही दिवस मामीचे होते. आमच्या न्हाणीघराची खिडकीही त्याच पाइपांच्या विहिरीत उघडायची, तिकडचा आवाज सरळ यायचा. तिच्या बांगड्या स्टीलवर वाजायच्या आणि आई हसून म्हणायची, "उठली बघ महाराणी." मामी पुन्हा सगळ्यांना टोमणे मारू लागली. मला वाटतं, ती खरंच आनंदात होती. मामा मात्र बांगड्या वाजल्या की हातातला घास तसाच धरून थांबायचे.

एका सकाळी बांगड्या वाजल्या आणि पाठोपाठ जे वाजलं ते मला लिहायचं नाही. आम्ही धावलो. पट्टी, हँडल, टाइल सगळं तिच्या अंगावर होतं आणि तिच्या केसांत ते पांढरं पीठ. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानंतर ती उभी राहिली नाही. पलंगावरून ती कधी भिंतीबद्दल बोलली नाही, हँडलबद्दल नाही. मामांना एकदाच म्हणाली, "तुम्ही लटकले असतात तर तुम्ही पडले असतात. बरा झाला." मामा उठून बाहेर गेले. होळीच्या आधी मामी गेली.

मामांनी काम सोडलं. मशीन दिंडोशीतल्याच कुणाला तरी देऊन टाकलं. लोक अजून दार वाजवतात, पडद्याचा रॉड सैल झाला, आरसा लावायचा आहे. मामा आतूनच सांगतात, "ह्या भिंतींना मी हात लावत नाही." आमची फळी दारामागे उभी आहे आणि पुस्तकं पुन्हा खोक्यात. मी कॉलेजातून आले की त्यांच्याकडे चहा घेऊन जाते. त्यांना बरं वाटेल असं काही मला सुचत नाही, आणि असं काही असेल असंही वाटत नाही.

मामीचा फोटो त्यांनी फ्रेम करून आणला. तो फ्रिजवर, भिंतीला टेकवलेला आहे. फ्रिजचं दार लागलं की फोटो थोडा पुढे सरकतो आणि मामा तो मागे ढकलतात. परवा मी कसंबसं म्हटलं, "मामा, एक स्क्रू पिळू या ना. फोटोला कसलं आलंय वजन? तेवढं धरेल भिंत."

"धरेल," ते म्हणाले. "माहीत आहे मला."

मग फोटोच्या काचेवरची धूळ बाहीने पुसत म्हणाले, "राहू दे गो. ती ह्या घरातली झालीच कुठे? पाहुणी आली, पाहुणी गेली."

उठून त्यांनी वर्तमानपत्राचा एक तुकडा घडी घालून फ्रेमखाली सरकवला, फोटो घसरू नये म्हणून, आणि हात मागे घेतला. ओढून बघितलं नाही.